स्कॉटलंडमधील पूर्वजांचा शोध : चर्चची दप्तरे आणि जुने नकाशे

प्रश्न (वास्को)

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे पणजोबा मूळचे स्कॉटलंडचे. मुरगाव बंदर आणि तेथून घाट चढणारी रेल्वे उभी राहत होती त्या काळात, म्हणजे १८८० च्या दशकात, ते ब्रिटिश कंपनीच्या नोकरीत गोव्यात आले आणि येथेच स्थायिक झाले. १८८९ साली त्यांचे लग्न येथील चर्चमध्ये झाले. त्या नोंदीत वराचे वय ३४, आईवडिलांची नावे आणि जन्मस्थान म्हणून केवळ 'स्कॉटलंड' एवढेच आहे. घरातील जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात 'मिल्टन' असे गावाचे नाव लिहिलेले आहे. वडिलांचे नाव व आडनाव तिकडे इतके प्रचलित आहे की ढीगभर माणसे समोर येतात. सासूबाई आता ऐंशीकडे झुकल्या आहेत आणि आपले मूळ गाव कोणते हे कळावे, अशी त्यांची फार इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (फोंडा)

ताई, तुमच्या हाती असलेला सर्वांत मोलाचा धागा म्हणजे ते ३४ वय. त्यावरून जन्म १८५४ किंवा १८५५ च्या सुमारास येतो, आणि नेमक्या याच वर्षी स्कॉटलंडची नोंदपद्धत बदलली. १ जानेवारी १८५५ पासून तेथे जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्याआधीचे बाप्तिस्मे आणि विवाह चर्च ऑफ स्कॉटलंड या तेथील प्रॉटेस्टंट राष्ट्रीय चर्चच्या पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतील विभाग) दप्तरांत सापडतात. त्यांतील सर्वांत जुने दप्तर पर्थशायरमधील एरल येथील असून ते १५५३ पासूनचे आहे. 'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही प्रकारच्या नोंदी पाहता येतात.

१८५५ या एका वर्षाच्या जन्मदाखल्यांत आईवडिलांचे वय, त्यांची जन्मस्थाने, त्यांच्या लग्नाचे ठिकाण व तारीख आणि आधीच्या अपत्यांची माहितीसुद्धा नोंदवलेली असे. हे काम झेपेना म्हणून पुढच्याच वर्षी हे तपशील वगळले गेले. त्यामुळे पणजोबांचा जन्म १८५४ मधला निघाला, तरी त्यांच्या एखाद्या धाकट्या भावंडाचा १८५५ चा दाखला मिळाल्यास सगळ्या कुटुंबाचा उलगडा होऊ शकेल. पॅरिशच्या दप्तरात बाप्तिस्मा सापडला नाही, तर लगेच निराश होऊ नका. १८४३ साली याच चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले, आणि तिकडे गेलेल्या कुटुंबांची मुले जुन्या दप्तरांत बहुधा दिसत नाहीत. अशा वेळी १८६१ च्या जनगणनेत पाच-सहा वर्षांचा मुलगा शोधावा, कारण तिच्यात जन्माचा पॅरिश दिलेला असतो.

उत्तर (पणजी)

'मिल्टन' नावाची ठिकाणे स्कॉटलंडमध्ये पुष्कळ आहेत. गिरणीजवळच्या वाडीला किंवा शेतवस्तीला हे नाव सर्रास पडत असे, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबता येणार नाही. येथे नकाशे कामाला येतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे जुने नकाशे विनामूल्य पाहण्यासाठी ठेवले आहेत. मैलाला सहा इंच या प्रमाणातील पहिली आवृत्ती १८४३ ते १८८२ या काळातली असून तिच्यावर एकेक घर, विहीर आणि गिरणीचा पाट दिसतो. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहण्याचीही सोय तेथे आहे.

माझी पद्धत अशी. जनगणनेचा कर्मचारी घरोघर चालत जात असे, म्हणून त्याच्या पानावर मिल्टनच्या वर आणि खाली ज्या वस्त्यांची नावे येतात, त्या बहुधा शेजारच्याच असतात. ती नावे नकाशावर ज्या मिल्टनभोवती जुळतील, तेच जनगणनेतले मिल्टन. पॅरिशच्या हद्दी मात्र त्या काळच्याच नकाशावर पाहा, कारण १८९१ च्या सुमारास त्यांपैकी बऱ्याच बदलल्या गेल्या.

उत्तर (मडगाव)

तिकडे पैसे खर्च करण्याआधी येथील चर्चची दप्तरे पुन्हा एकदा बारकाईने पाहावीत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. वर प्रॉटेस्टंट असेल, तर लग्नाआधी त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला असण्याची शक्यता आहे. तेव्हा लग्नाच्या आधीच्या वर्षा-दोन वर्षांतील प्रौढ बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासा. तेथे जन्मगाव अधिक स्पष्ट लिहिलेले असू शकते. ते जन्मतः कॅथलिक असतील, तर शोधाची दिशाच बदलेल. मग चर्च ऑफ स्कॉटलंडच्या दप्तरांऐवजी तेथील कॅथलिक चर्चच्या नोंदी पाहाव्या लागतील आणि त्याही त्याच संकेतस्थळावर आहेत. येथील पाद्री परकी नावे पोर्तुगीज वळणाने लिहीत, हे ध्यानात ठेवून स्पेलिंगचे पर्याय वापरा.

प्रश्नकर्ती (वास्को)

सर्वांचे मनापासून आभार. १८६१ च्या जनगणनेत त्याच नावाची, साधारण त्याच वयाची दोन मुले मिळाली आणि दोघांचीही घरे मिल्टन नावाच्या वस्तीवर आहेत! एक पर्थशायरमध्ये, दुसरे अ‍ॅबर्डीनशायरमध्ये. दोघांच्या वडिलांचे नाव एकच. यांतून निवड कशी करावी?

उत्तर (फोंडा)

आईवरून करावी. स्कॉटलंडच्या नोंदींत विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव कायम राहते, हा आपल्यासाठी मोठा आधार आहे. दोन्ही मुलांच्या जन्माच्या किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदी काढून त्यांतील आईचे नाव गोव्यातील लग्नाच्या नोंदीशी ताडून पाहा. तेथे ते स्पष्ट नसेल, तर पणजोबांच्या मुलांची नावे पाहा. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे आणि दुसऱ्या मुलीला वडिलांच्या आईचे नाव देण्याची चाल स्कॉटिश घरांत होती. तो पुरावा मानू नये, पण दिशा मिळते. गाव निश्चित झाल्यावर त्या वडिलांचा मृत्यूदाखला १८५५ नंतरच्या नोंदींत शोधा. स्कॉटलंडच्या मृत्यूदाखल्यात मृताच्या आईवडिलांची नावे असतात, त्यामुळे सासूबाईंना एकाच कागदावर आणखी एक पिढी वरची मिळेल.