मदत हवी आहे: 1972 शेवरोले सी-10, नवा हीटर कोअर बॉक्समध्ये नीट बसत नाही

ट्रक फॅक्टरी एसी नसलेला, हीटर बॉक्स मूळचाच. (हीटर कोअर म्हणजे गरम कूलंटवर केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर.) जुना तांबं-पितळेचा कोअर त्याच्या टोकाच्या टाकीच्या सांध्यातून गळतोय. एसीवाल्या ट्रकचा कोअर वेगळा येतो, हे बघूनच नवा अ‍ॅल्युमिनियमचा मागवला. नळ्यांचे व्यास बरोबर आहेत, 5/8 आणि 3/4 इंच; पण फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकांपासून त्या सुमारे 6 मिमी सरकल्यात. शिवाय कोअर जाडीला कमी, त्यामुळे कडेनं फट राहते आणि हवा कोअरमधून न जाता बाजूनं निसटते. तात्पुरता बसवून पाहिला तेव्हा दोन्ही होज (कूलंटच्या रबरी नळ्या) कडक गरम, आत वारा मात्र कोमट.

थर्मोस्टॅट नवा आहे, कूलंटमधली हवा काढली आहे, टेम्परेचर दाराची (गरम-थंड हवा मिसळणाऱ्या झडपेची) केबल टोकापर्यंत जाते. (दाराच्या फोमचा भुगा झालाय, तो बदलणारच.) नळ्या वाकवायच्या नाहीत, सांधा तडकतो. भोकंही मोठी करायची नाहीत.

जुन्या कोअरच्या टाक्या आणि नळ्या ठेवून फक्त मधली जाळी बदलून घेतली तर टिकते का? की मूळ मापाला तंतोतंत बसणारा तांबं-पितळेचा नवा कोअर कुणी बसवलाय? आणि कडेच्या फटीसाठी क्लोज्ड-सेल फोम किती जाडीचा घ्यावा?