अगाथा ख्रिस्तीच्या आत्मचरित्रात ते ११ दिवस नाहीतच, हे चालतं का?

रातराणी७
मंडळी, दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतेय. अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथा मी कॉलेजपासून वाचतेय, काही तर तीन-तीनदा. तिचं आत्मचरित्र मात्र आत्ता हाती लागलं, एवढा जाडजूड ठोकळा पण मी रात्री जागून वाचत होते आणि खरं सांगायचं तर वाट बघत होते ती १९२६ सालाची. कारण तेव्हाची गोष्ट सगळ्यांना माहितीये, ३ डिसेंबरच्या रात्री ही बाई घरातून गाडी घेऊन निघाली, दुसऱ्या दिवशी गाडी गिल्डफर्डजवळ न्यूलँड्स कॉर्नरला सापडली आणि ती स्वतः नाही! शेकडो पोलीस, हजारो साधी माणसं रानं तुडवत होती, पेपरात रोज फोटो, आणि ११ दिवसांनी ती सापडली पार यॉर्कशायरमधे हॅरोगेटच्या हॉटेलात, दुसऱ्याच नावाने राहिलेली, आणि ते आडनाव कोणाचं तर नवऱ्याचं जिच्यावर प्रेम बसलं होतं तिचं. नवऱ्याने सांगितलं की स्मृती गेली होती, संपलं.
तर आत्मचरित्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. आजारपण झालं, मग दुःख झालं, त्यावर जास्त रेंगाळायची गरज नाही असं काहीसं म्हणून ती थेट पुढच्या वर्षी मुलीला घेऊन कॅनरी बेटांवर. मी मागे जाऊन पान सुटलं का ते बघितलं. मला फार वाईट वाटलं हो, जिने आयुष्यभर शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून सगळं उलगडून दाखवलं तिने स्वतःचं असं झाकून ठेवावं? तुम्हाला काय वाटतं, आत्मचरित्र लिहायला बसलं की सगळं सांगायला पाहिजे की नाही?

कोकणकडा
नाही सांगायला पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे. त्या वर्षी एप्रिलमधे तिची आई गेली, ऑगस्टमधे नवऱ्याने दुसरी आवडते म्हणून सांगितलं, मुलगी जेमतेम सात वर्षांची, आणि डिसेंबरात सगळ्या देशाने तिच्या दुःखाचा तमाशा केला. शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलने तिचा हातमोजा घेऊन तो एका अंतर्ज्ञानी म्हणवणाऱ्याला दाखवला होता म्हणे ती कुठे आहे ते सांग म्हणून, विचार करा. इतकं झाल्यावर त्या माणसांना तिने परत घरात का घ्यावं? आत्मचरित्र म्हणजे काय कोर्टातली साक्ष नाही. तिने ते लिहायला घेतलं १९५० मधे, इराकमधे निमरूदला, दुसरा नवरा तिथे उत्खनन करत होता तेव्हा, आणि संपवलं १९६५ ला वयाच्या ७५ व्या वर्षी. छापलं तर ती गेल्यानंतर, १९७७ ला. म्हणजे पैशासाठी किंवा गाजण्यासाठी लिहिलेलंच नाही ते, सुखाचं तेवढं परत जगायला लिहिलंय असं मला तरी वाचताना वाटलं. लहानपणीच्या घराबद्दल, खाण्याबद्दल किती मन लावून लिहिते ती.

शुक्रतारा_एस
कोकणकडा, तुमचं पटतं पण पूर्ण नाही. रहस्यकथेचा एक करार असतो ना वाचकाशी. १९२९ मधे रोनाल्ड नॉक्सने दहा नियम लिहिले होते त्यातला एक हाच की डिटेक्टिव्हला जो धागा सापडला तो वाचकाला लगेच दाखवायचा, लपवून ठेवायचा नाही. आणि योगायोग बघा, त्याच १९२६ च्या जूनमधे तिची रॉजर अॅक्रॉइडवाली कादंबरी आली होती. कोणाचं वाचायचं राहिलं असेल म्हणून जास्त सांगत नाही, पण ज्यांनी वाचलीये त्यांना कळेल, ती सगळी कादंबरीच काय सांगितलं आणि काय नाही यावर उभी आहे, आणि तेव्हाही काही लोक फसवलं म्हणून चिडले होते. पण ती फसवणूक नव्हती, परत वाचली की प्रत्येक ठिकाणी धागा दिसतो. आत्मचरित्रातही मला तेवढंच हवं होतं, सांगू नको पण धागा तरी ठेव.

बाबुराव_फॅन
मी अर्नाळकरांवर वाढलेला माणूस. झुंजार, काळा पहाड, वाचनालयातून एक आणायचं नि तिथल्या तिथे पायरीवर बसून संपवायचं, लगेच दुसरं. आत्मचरित्रं मात्र कधी जमली नाहीत, सगळे आपलं चांगलं तेवढंच सांगतात असं वाटतं. चुकीचं असेल तर सांगा, सुरुवात कुठून करू?

ओवी_मिरज
@बाबुराव_फॅन दादा, लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांपासून करा, आजच करा. १९३४ ते ३६ मधे चार भागांत आली पण भाषा अशी की बाई समोर बसून बोलतायत. नवरा म्हणजे कवी ना. वा. टिळक, ते न सांगता घरातून निघून जायचे, भांडणं व्हायची, १८९५ ला त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा हिच्यावर काय आकाश कोसळलं, मग स्वतःचं मन वळायला १९०० साल उजाडलं, यातलं काही तिने गोड करून सांगितलेलं नाही. आणि नवऱ्यावरचं प्रेमही कुठे कमी पडत नाही. मला तर ते कुठल्याही रहस्यकथेपेक्षा जास्त ओढून नेतं कारण पुढच्या पानावर हा माणूस घरी असेल की नाही हेच माहीत नसतं.
पण मूळ प्रश्नाबद्दल, सांगितलं तरी लोक सोडत नाहीत हो. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' १९९० ला आलं तेव्हा आमच्याकडे जेवताना वाद व्हायचे, पुलंबद्दल हे लिहायची काय गरज होती म्हणून. बाईने सांगितलं तरी राग, नाही सांगितलं तरी राग.

कोकणकडा
@शुक्रतारा_एस धागा आहे की! आईच्या मृत्यूनंतर टॉर्कीचं जुनं घर ती एकटी आवरत होती तो भाग परत काढा. एकदा चेकवर सही करायला बसली आणि स्वतःचं नावच आठवेना. हातात पेन, समोर चेक, आणि शेवटी तिने थॅकरेच्या कादंबरीतल्या एका पात्राचं नाव लिहिलं. गाडी सुरू झाली नाही म्हणून रडत बसली तेही त्याच सुमाराला. हे तिने कोणी न विचारता लिहिलंय. काही महिन्यांनी तीच बाई हॅरोगेटच्या हॉटेलच्या रजिस्टरात टेरेसा नील, केप टाउन असं लिहिते. चेक दाखवला, रजिस्टर दाखवलं नाही.

रातराणी७
अरे देवा. तो चेकचा प्रसंग मी वाचला होता आणि पुढे गेले होते, कारण माझी नजर डिसेंबरवर होती. तिच्या कादंबऱ्यांत माझं नेहमी हेच होतं, महत्त्वाचं वाक्य साध्या घरकामात ठेवलेलं असतं आणि मी खुनाची वाट बघत त्यावरून निघून जाते. आज रात्री ते प्रकरण परत वाचते. कोकणकडा, मनापासून आभार.

सायली_नारायणपेठ
मी इथे फारसं लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. माझ्या आजीने (आईची आई) १९७८ च्या सुमारास एका दोनशे पानी वहीत आठवणी लिहिल्यात. त्यात पानशेतच्या पुराचं प्रकरण आहे, १२ जुलै १९६१. धरण फुटलं म्हणून ओरडा झाला, पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं, मग गच्चीवरून शेजारच्या वाड्यात कसे गेले ते सगळं आहे, आणि त्यानंतर पानभर यादी, काय काय वाहून गेलं त्याची. तांब्याचा बंब, घागरी दोन, मोदकपात्र, पाट सहा, शिवणाचं मशीन आणि त्यापुढे कंसात (सापडले, गंजलेले). मी लहानपणी ती यादी गंमत म्हणून मोठ्याने वाचायचे.
त्या यादीत एक ओळ आहे, दुपटी तीन. तेव्हा आई पाच वर्षांची होती आणि मावशी नऊ, मग घरात दुपटी कोणाची? वहीत आधीच्या पानांवर एक बाळू येतो, त्याला दात येतायत, तो रात्री रडतो, पुराआधीच्या चैत्रापर्यंत तो आहे. त्यानंतर शेवटपर्यंत कुठेच नाही. मला हे कळायला पस्तिशी उजाडली आणि ते रहस्यकथा वाचायच्या सवयीनेच कळलं, की हे पात्र कुठे गेलं? आईला विचारलं तर ती काही न बोलता कुकर लावायला उठली. मग मावशीला फोन केला, ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्या वहीत सापडायचं नाही तुला ते, शोधू नकोस."
आजीने फसवलं असं मला एक क्षणही वाटलं नाही.

ओवी_मिरज
सायली, अंगावर काटा आला गं. वही जपून ठेव, कोरड्या जागी, आणि जमलं तर फोटो काढून ठेव सगळ्या पानांचे.

रातराणी७
सायली, मी वर जे विचारलं होतं ते आता मला तसं विचारवणार नाही. एक विचारू का, ती ओळ यादीत कुठे आहे? शेवटी?

सायली_नारायणपेठ
नाही, मधेच आहे, मोदकपात्र आणि पाटांच्या मधे. ओवीताई, कालच बसून सगळ्या पानांचे फोटो काढले. मोबाईलवर मोठं करून बघितलं तर तिने आधी दोन लिहिलंय, मग ते खोडून तीन केलंय.