गेम फुकट, मग पैसे कसले?

सुहासकाका: मुलांनो, एक शंका आहे. ओंकारचा तो डेस्टिनी गेम फुकट आहे असं त्यानेच मला सांगितलं होतं. आता म्हणतोय त्यातली दोन एक्स्पान्शन घ्यायची आहेत, कार्ड द्या. फुकट आहे तर पैसे कसले?

ओंकार: बाबा, ग्रुपवर कशाला 😐

राहुलदादा: बरं केलंत काका. ओम्या, बस आता चौकशीला.

मीनूताई: काका, तो खोटं नाही बोलला. डेस्टिनी २ सप्टेंबर २०१७ मध्ये आला तेव्हा विकत घ्यावा लागायचा. ऑक्टोबर २०१९ पासून मूळ गेम फुकट केला. पण अधूनमधून जी मोठी भर पडते, म्हणजे नवी कथा, फिरायला नवी जागा, नव्या शक्ती, नवी रेड, ती वेगळी विकतात. ओंकार, कुठली दोन म्हणतोयस?

ओंकार: द फायनल शेप आणि द एज ऑफ फेट. फायनल शेपमध्ये प्रिझमॅटिक नावाची शक्ती मिळते ताई. ती नसल्यामुळे क्रूसिबलमध्ये नुसता मार खातोय.

सुहासकाका: क्रूसिबल म्हणजे?

ओंकार: माणसांविरुद्धच्या मॅच. ते फुकटच आहे बाबा.

मीनूताई: म्हणजे तू मुख्यतः क्रूसिबल खेळतोस?

ओंकार: हो. कथा वगैरे फारशी नाही.

मीनूताई: मग थांब जरा. क्रूसिबलसाठी डीएलसी, म्हणजे अशी विकतची भर, घेणं हा सगळ्यात वाईट सौदा. मॅप सगळ्यांना तेच, मॅच सगळ्यांना त्याच. तू पैसे मोजणार फक्त शक्तीसाठी. आणि शक्तीचं काय होतं ते मी २०२० च्या नोव्हेंबरात पाहिलंय. बियॉन्ड लाइट हे एक्स्पान्शन आलं, त्यात स्टॅसिस नावाची नवी शक्ती. ज्यांनी विकत घेतलं होतं ते समोरच्याला गोठवायचे आणि फोडायचे. गोठलेला माणूस पडद्यावर बर्फ बघत उभा, बंदूकसुद्धा उचलता येत नाही. फुकट खेळणारे वैतागून शिव्या घालत होते. मग बंजीने, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीने, काय केलं? पुढच्या काही महिन्यांत स्टॅसिस पुन्हा पुन्हा कमकुवत केलं. करावंच लागतं, नाहीतर मॅच खेळायला कोणी उरत नाही. ज्या धारेसाठी पैसे मोजलेस ती बोथट होणारच, हे धरूनच चालायचं.

ओंकार: पण प्रिझमॅटिक अजून भारी आहे ना.

मीनूताई: आहे. लाइट आणि डार्कनेस दोन्हींकडच्या शक्ती एकत्र वापरता येतात, मजा येते, नाही कोण म्हणतंय? पण तुझ्या मॅच मी पाहिल्यात. तू मरतोस ते रडारकडे न बघता मोकळ्यात पळत सुटतोस म्हणून.

राहुलदादा: 😂😂

सई: ताई, एक मिनिट. तू फक्त क्रूसिबलचं बोलतेयस. आम्हाला रेडला सहावा माणूस हवाय. ओंकारने फायनल शेप घेतलं तर आमचा सहाचा ग्रुप पुरा होतो.

सुहासकाका: रेड म्हणजे धाड?

सई: तसंच काका. सहा जणांनी मिळून एक लांबलचक मोहीम करायची. एकाकडे जरी ते डीएलसी नसलं तरी बाकी पाच जणांनाही त्याच्यासोबत सुरू करता येत नाही. कुलपाचं चिन्ह येतं. म्हणून आत्तापर्यंत आम्ही दर वेळी कोणीतरी अनोळखी शोधतोय.

मीनूताई: हां, हे वेगळं झालं. ओंकार, हे आधी का नाही सांगितलंस?

ओंकार: तुम्ही बोलू कुठे देताय.

सई: फायनल शेपची रेड आहे ना, सॅल्व्हेशन्स एज, तिच्यातला व्हेरिटीचा भाग एकदा करून बघ ओंकार, मग तुला कळेल. सहातले तिघं आत एकेकट्या खोलीत अडकतात, तिघं बाहेर. आतल्याला भिंतीवर आकार दिसतात, गोल, चौकोन, त्रिकोण. बाहेरच्यांना पुतळे दिसतात आणि प्रत्येकाच्या हातात एक घन आकार. गोल आणि त्रिकोण मिळून शंकू, गोल आणि चौकोन मिळून दंडगोल. बाहेरच्यांनी ते पुतळ्यांत अदलाबदल करून जुळवायचं, आतल्यांनी आपल्या भिंतीवरचे आकार एकमेकांना पाठवायचे. आणि हे सगळं अंगावर गोळ्या येत असताना, फक्त बोलून. एकाने "माझ्याकडे गोल" म्हणायच्या ऐवजी "ते ते काय ते" म्हटलं की सगळे मेले.

सुहासकाका: ही तर भूमिती झाली. ही मला चालेल.

राहुलदादा: काका पटले 😂

राहुलदादा: पण मस्करी सोडा. मी बॅटलफिल्डवाला माणूस, तोही बंदुकांचाच गेम, माझं ऐका. बॅटलफिल्ड ४ ला पाच डीएलसी होती, बॅटलफिल्ड १ ला चार. प्रीमियम घ्या, सगळे मॅप मिळवा, अशी ऑफर. २०१७ च्या मार्चमध्ये दे शॅल नॉट पास आलं, त्यातला फोर्ट द वो, किल्ल्याच्या आतले अंधारे बोगदे, शॉटगन घेऊन कोपऱ्याकोपऱ्याने लढायचं. इतका चांगला मॅप. पण खेळायला मिळेना, कारण ज्यांच्याकडे डीएलसी नाही ते त्या सर्व्हरवर येऊच शकत नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे गर्दी, मग सर्व्हरची यादी रिकामी. पैसे दिलेले लोक रिकाम्या किल्ल्यासमोर उभे. आणि वर काय, २०१८ मध्ये बॅटलफिल्ड ५ यायच्या आधी हीच डीएलसी काही दिवस फुकट वाटली! बॅटलफिल्ड ५ मध्ये मग प्रीमियम पासच काढून टाकला.

सई: टायटनफॉलचं पण तसंच ना दादा?

राहुलदादा: हो, पहिल्या टायटनफॉलचे मॅप विकत होते, नंतर फुकट केले. टायटनफॉल २ मध्ये तर सुरुवातीपासून सगळे मॅप फुकट. कॉल ऑफ ड्यूटीनेसुद्धा २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरपासून मॅप विकणं बंद केलं. आता कमाई कपडे, रंग आणि बॅटल पासवर. सगळ्या कंपन्यांना एकच गोष्ट कळली: शूटरमध्ये माणसं वाटली गेली की गेम मरतो. गोळी झाडायला समोर कोणीतरी लागतंच ना.

मीनूताई: बरोबर. फक्त डेस्टिनीत थोडं वेगळं आहे. तिथे मॅच वाटल्या जात नाहीत, मोहिमा वाटल्या जातात. म्हणून सईचा मुद्दा पटतो. जे विकत घ्यायचं ते ज्यांच्यासोबत खेळायचं त्यांच्याकडे आहे का, एवढंच बघ. सईच्या पाच जणांकडे फायनल शेप आहे. एज ऑफ फेट कोणाकडे आहे?

सई: माझ्याकडे नाही. आमच्यात एकाकडेच आहे.

मीनूताई: मग ते आत्ता यादीतून काढ. जुलै २०२५ मध्ये आलेलं, नवी जागा केप्लर, नवी रेड द डेझर्ट परपेच्युअल. पण पोर्टल नावाचा नवा मेनू, नव्या पद्धतीची आर्मर, हे त्याच वेळी फुकटवाल्यांनाही मिळालं. उरतं ते कथा आणि रेड. कथा तू बघत नाहीस, रेडला सहा माणसं नाहीत. शिवाय त्या वेळी पॉवरचा, म्हणजे कॅरेक्टरच्या ताकदीचा, आकडा सगळ्यांचा खाली आणून परत चढवायला लावला, त्यावर खूप लोक चिडले. मला स्वतःला केप्लर आवडलं. विजेचा गोळा होऊन फटीतून सटकायचं असतं त्यात, पहिल्यांदा गंमत वाटते. दहाव्यांदा नाही.

सुहासकाका: मला एक सांगा. पैसे देऊन घेतलेलं डीएलसी कायमचं आपलं असतं ना?

मीनूताई: 🙂 काका, इथेच खरी मेख आहे.

मीनूताई: २०१७ ला ज्यांनी गेम विकत घेतला त्यांची मूळ मोहीम, रेड वॉर, नोव्हेंबर २०२० मध्ये गेममधून काढून टाकली. तिच्यासोबत पहिली दोन छोटी डीएलसीही गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत फोरसेकन या मोठ्या डीएलसीची मोहीम गेली. कंपनीचं म्हणणं, गेम फार फुगला, एवढं सगळं सांभाळणं जमत नाही. खरंही असेल. पण पैसे दिलेल्यांना खेळायला काहीच नाही. पुढे त्या रेड वॉरच्या कथेवरून एका लेखकाने बंजीवर दावा लावला. २०२५ मध्ये बंजीला कोर्टात मोहीम दाखवायची वेळ आली तर पुरावा म्हणून यूट्यूबवरचे व्हिडिओ द्यावे लागले, कारण मूळ मोहीम चालवून दाखवायची सोय त्यांच्याकडेच उरली नव्हती. न्यायाधीशांनी ते व्हिडिओ धरले नाहीत.

सुहासकाका: काय सांगतेस! स्वतःचाच माल हरवला?

राहुलदादा: स्वतःच कपाटात टाकला आणि किल्ली हरवली.

ओंकार: फायनल शेप पण काढून टाकतील?

मीनूताई: फोरसेकननंतर मोठी डीएलसी आम्ही काढणार नाही असं ते म्हणालेत. पण मी कायमचं म्हणून काहीच घेत नाही. आत्ता खेळणार असशील तर घे, पुढे कधीतरी खेळीन म्हणून नको. आणि आगाऊ तर कधीच नको. फायनल शेप फेब्रुवारी २०२४ ला यायचं होतं, आलं जूनमध्ये. ज्यांनी आधीच पैसे भरले ते बसले वाट बघत. उशिरा घेणाऱ्याचं उलट. द विच क्वीन फेब्रुवारी २०२२ चं, २०२३ च्या डिसेंबरात एपिक स्टोअरवर जुन्या डीएलसींच्या संचात फुकट मिळालं. दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

सई: ओंकार, तू पीएसवर, म्हणजे प्लेस्टेशनवर, आहेस ना? आणि पुढच्या वर्षी पीसी घेणार म्हणत होतास?

ओंकार: हो, का?

सई: मग घेऊ नकोस अजून!! डीएलसी प्लॅटफॉर्मला चिकटलेलं असतं. क्रॉस सेव्ह लावलं की तुझं कॅरेक्टर, बंदुका, सगळं पीसीवर दिसेल. पण पीएसवर घेतलेलं फायनल शेप पीसीवर चालणार नाही, परत विकत घ्यावं लागेल.

ओंकार: हे कुठे लिहिलेलं असतं???

मीनूताई: लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. आणि डंजनची, म्हणजे रेडपेक्षा छोट्या मोहिमांची, किल्ली वेगळी असते हेही बघून ठेव. फायनल शेप घेतलं म्हणजे त्या वर्षातली दोन डंजनं, व्हेस्पर्स होस्ट आणि संडर्ड डॉक्ट्रिन, आपोआप येत नाहीत. त्यांची किल्ली वेगळी विकतात. तुला आत्ता नको ती.

सुहासकाका: म्हणजे तुमचं म्हणणं काय? नको?

मीनूताई: काका, माझं मत सांगते. एज ऑफ फेट नको. फायनल शेप घ्यायला हरकत नाही, चांगलं आहे. पण पूर्ण किमतीला नाही, सेल लागला की. आणि त्याआधी पीसी की पीएस हे त्याने ठरवायचं. पीसी खरंच येणार असेल तर तोपर्यंत थांब.

सुहासकाका: पीसीचं अजून काही ठरलेलं नाही. त्याने ठरवलंय, मी नाही.

ओंकार: बाबा 🥲

राहुलदादा: मग पीएसच. सई, तुमच्यातले बाकीचे कशावर आहेत?

सई: दोघं पीएस, आम्ही तिघं पीसी. पण २०२१ पासून क्रॉसप्ले आहे, पीएस आणि पीसीवाले एकत्र खेळू शकतात, त्याचा प्रश्न नाही. फक्त ओंकारने माइक घ्यायचा. व्हेरिटी टाइप करून होत नाही.

ओंकार: माइक आहे.

सई: तुझ्या माइकमधून पंख्याचा आवाज येतो रे.

सुहासकाका: ठीक. एकच, सेल लागल्यावर, पीएसवर. मीनू, सेल दिसला की लिंक मला पाठव, याला नको. आणि ओंकार, पैसे भरताना मी शेजारी असणार. कार्ड सेव्ह करू नकोस.

ओंकार: ओके. सई, पुढच्या रेडला मी आकार पाठ करून येतो.

सई: आधी क्रूसिबलमध्ये रडारकडे बघायला शिक.