मदत हवी आहे: ईगल्सचा हिशोब कसा मांडू?

अमेरिकन फुटबॉलवाले कोणी आहे का इथे? २०२३चा सुपर बोल (सीझनची फायनल), आपले ईगल्स ३५, चीफ्स ३८. ऑफेन्सने (बॉल पुढे नेणाऱ्या गटाने) ४१७ यार्ड काढले, समोरच्यांचे ३४०, तरी हरलो. मॅच दोनदा बघितली, बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचा तक्ता) पाठ झालाय. सीझनभर ७० सॅक (बॉल फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, पाडणं) करणारा आपला डिफेन्स त्या दिवशी शून्य सॅकवर, आणि दुसऱ्या हाफमध्ये चीफ्सने चारही ड्राइव्हवर (बॉल हाती असतानाच्या चढायांवर) पॉइंट घेतले, म्हणजे दोष डिफेन्सचाच वाटतो. पण आपला क्वार्टरबॅक हर्ट्सच्या हातून बॉल निसटला त्यावर चीफ्सने थेट ७ पॉइंट घेतले, तेव्हा डिफेन्स मैदानातच नव्हता, अन् चीफ्सच्या टोनीचा ६५ यार्डांचा पंट रिटर्न (आपण लाथेने लांब मारलेला बॉल घेऊन उलटं धावणं) थेट आपल्या गोल लाइनपासून ५ यार्डांपर्यंत, त्यावर आणखी ७, तिथे डिफेन्स बिचारा काय करणार! रेफरीचा विषय नको प्लीज. फक्त एवढंच सांगा, डिफेन्सच्या खात्यात ३८ धरायचे, ३१ की २४?