ब्लूटूथ कीबोर्डने फोनच्या ब्राउझरमध्ये मराठी भलतंच उमटतंय, कोणी सांगेल का?

खिडकीवाली_बदलापूर: मंडळी मदत करा. लॅमिंग्टन रोडवरून घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड आणलाय, बदलापूर ते सीएसएमटी मांडीवर पर्स, पर्सवर कीबोर्ड असं टायपिंग चालतं (चौथी सीट मिळाली तर विसरा). अँड्रॉइड फोन आहे, फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट हिंदी निवडलाय, मराठी यादीत नव्हतं, पण इन्स्क्रिप्ट (कुठल्या बटणावर कुठलं देवनागरी अक्षर याची ठरलेली मांडणी) दोन्हीचं जवळपास सारखंच म्हणून चालवून घेतलं, ऑफिसात मी तेच वापरते. नोट्समध्ये सगळं मस्त. पण क्रोममध्ये एका मराठी साइटवर रेसिपी टाकायला गेले आणि नमस्कार लिहिलं तर हे आलं: व्च्म्द्केज्. क तेवढा बरोबर येतो! आणि तिथेच स्क्रीनवरच्या कीबोर्डने लिहिलं की काही प्रॉब्लेम नाही. कीबोर्ड परत करू का? दुकानदाराने सात दिवस दिलेत.

लोकल_रडगाणं: ताई गर्दीत ब्लूटूथ अडखळतं हो, डब्यात प्रत्येकाच्या कानात एक एक यंत्र, सगळी त्याच २.४ गिगाहर्ट्झवर. माझं पण सससससस असं व्हायचं, बटण सोडल्याचा निरोप फोनला उशिरा पोचला की त्याला वाटतं अजून दाबलेलंच आहे. घरी करून बघा.

खिडकीवाली_बदलापूर: घरी पण सेम. आणि अक्षरं डबल नाही येत, वेगळीच येतात.

खडूस_काका_गिरगाव: कीबोर्ड परत करू नकोस, बिचाऱ्याची काही चूक नाही. आलेली अक्षरं नीट वाच. व, च, म, द, के, ज. आता नमस्कारला तू इन्स्क्रिप्टमध्ये कुठली बटणं दाबलीस? व्ही, सी, एम, डी, के, ई, जे. म्हणजे तुझा इन्स्क्रिप्ट बाजूला ठेवून कोणीतरी इंग्रजी बटणांचं फोनेटिक मराठी करतंय, म्हणजे उच्चारावरून, व्ही दाबलं की व. क बरोबर आला कारण क दोन्हीकडे के वरच आहे, एवढाच योगायोग.

हा कोणीतरी म्हणजे त्या पानातलीच स्क्रिप्ट, पानाबरोबर येणारा छोटा प्रोग्राम. बऱ्याच मराठी साइटवर लिहायच्या चौकटीत रोमन ते देवनागरी बसवलेलं असतं. स्क्रीनवरच्या कीबोर्डने लिहिताना क्रोम पानाला कुठलं बटण दाबलं ते बहुतेक वेळा सांगतच नाही, प्रत्येक बटणाला २२९ हा एकच आकडा देतो, त्यामुळे स्क्रिप्ट गप्प बसते. खरा कीबोर्ड जोडलास की खरे आकडे जायला लागतात आणि ती जागी होते.

खात्री करायची तर वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये नमस्कार लिही. तिथे पानाची स्क्रिप्ट पोचत नाही. तिथे नीट आलं तर कीबोर्ड, ब्लूटूथ, लेआउट सगळं निर्दोष. मग चौकटीच्या आजूबाजूला मराठी/इंग्रजी असं काही बटण असेल ते इंग्रजीवर कर, म्हणजे स्क्रिप्ट बंद आणि तुझा इन्स्क्रिप्ट चालू. ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे.

पमी_ठाणे: किंवा सरळ नोट्समध्ये लिहून कॉपी पेस्ट कर, मी तर तेच करते, एवढं कोण शोधत बसणार 😄

खिडकीवाली_बदलापूर: काका!! अ‍ॅड्रेस बारमध्ये नमस्कार पहिल्या फटक्यात आलं. बटण चौकटीच्या खाली कोपऱ्यात होतं, एवढंसं, इंग्रजी केलं आणि कुर्ला यायच्या आत अर्धी रेसिपी लिहून झाली. आता फक्त एक, पुऱ्या लिहायला गेले की पुर्या होतंय, ऑफिसात मी ते दुसरीकडून कॉपी करते, लाज वाटते सांगायला.

खडूस_काका_गिरगाव: शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. आणि श्रीखंडाचं प्रमाण पण टाक त्यात.