‘बंडखोर’, ‘मनस्वी’ आणि पिंडाला जागणे

विचारणा

‘बंडखोर कलावंताने स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे’ अशा अर्थाची वाक्ये समीक्षेत वारंवार भेटतात. दोन शंका आहेत. बंडखोर, विद्रोही, मनस्वी हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ‘स्वतःशी’ म्हणजे नेमके कशाशी: स्वभावाशी, वृत्तीशी, प्रकृतीशी की पिंडाशी?

प्रतिसाद

आधी ‘बंडखोर’. यातला ‘खोर’ हा फारसी प्रत्यय, मूळ अर्थ ‘खाणारा’. लाचखोर, नफेखोर, भांडखोर, दंगेखोर अशी याची भावंडे पाहिली की लक्षात येते, हा प्रत्यय वाईट खोडीसाठी राबतो. त्यामुळे ‘बंडखोर’ हे विशेषण आधी समोरच्या पक्षाने चिकटवलेले दूषण होते; कलेच्या चर्चेत ते मानाचे झाले. ‘विद्रोही’चा प्रवासही तसाच. ‘द्रुह्’ म्हणजे वैर धरणे, घात करू पाहणे. राजद्रोह, मित्रद्रोह या शब्दांत तो अर्थ अजून शाबूत आहे. दलित साहित्याच्या चळवळीने मात्र ‘विद्रोह’ला अन्यायाविरुद्धचा नकार हा अर्थ दिला आणि आज मराठीत तोच ठळक आहे. म्हणून ‘विद्रोही’ म्हटले की सामाजिक भूमिका अभिप्रेत असते. केवळ छंद मोडून लिहिणाऱ्या कवीला तो शब्द लावू नये, तिथे ‘बंडखोर’ पुरतो.

या दोन्ही शब्दांना ‘विरुद्ध’ लागते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बंड कुणाविरुद्ध तरी असते. ‘त्याने बंड केले’ एवढेच म्हटले तर ऐकणारा ‘कशाविरुद्ध?’ असे विचारणारच. म्हणजे बंडाचा अर्धा अर्थ प्रतिपक्ष पुरवतो. बंडाला लागणारी क्रियापदेही पाहा: बंड पुकारतात, ते फसते, मोडते, शमते. यशस्वी झाले तर त्याचे नावच बदलते, त्याला क्रांती म्हणतात. फक्त बंडावर उभा असलेला कलावंत प्रतिपक्ष हरला किंवा निघून गेला की रिकामा होतो, त्याचे कारण या शब्दाच्या रचनेतच आहे.

प्रतिसाद

‘मनस्वी’ला ‘विरुद्ध’ लागत नाही, आणि फरक तिथेच पडतो. मनस् + विन्, तपस्वी, ओजस्वी यांच्यासारखा. संस्कृतात अर्थ उदात्त मनाचा, मानी. मराठीत तो ‘मनाला पटेल तेच करणारा’ असा झाला. क्रियाविशेषण म्हणून वापरला तर अर्थ एकदम निराळा: ‘मनस्वी राग आला’ म्हणजे अतिशय राग आला. लिहिताना एक चूक फार होते. भाववाचक नाम ‘मनस्विता’, स्त्रीलिंगी ‘मनस्विनी’, दोन्हींत वि ऱ्हस्व. ‘मनस्वीता’ चूक.

‘स्वैर’ (स्व + ईर, आपल्या मनाने हिंडणारा) मुळात निर्दोष शब्द, पण ‘स्वैराचार’ने त्याला डाग लावला. मनस्वी कलावंताला स्वैर म्हणणे हा अन्याय आहे. ‘विक्षिप्त’ तर मुळीच वापरू नये. योगशास्त्रात विक्षिप्त ही चित्ताच्या पाच भूमींपैकी, म्हणजे अवस्थांपैकी, एक आहे: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. मधूनच स्थिर होणारे, पुन्हा ढळणारे चित्त ते विक्षिप्त. आपल्या वाटेवर ठाम असलेल्या माणसाला हे विशेषण लावले तर अर्थ नेमका उलटा होतो.

प्रतिसाद

दुसऱ्या शंकेसाठी शब्द वाक्यांत घालून पाहावेत.

‘त्याचा ___ गायकाचा आहे.’ इथे पिंड चपखल बसतो. ‘स्वभाव’ घातला तर गायक लहरी असतात वगैरे भलताच अर्थ निघू लागतो.
‘हल्ली ___ बरी नसते.’ इथे फक्त प्रकृती. म्हणूनच ‘प्रकृतीशी प्रामाणिक’ हे वाचताना पथ्यपाणी आठवते.
‘दोन वर्षांत त्याची ___ बदलली.’ वृत्ती. ‘वृत्’ म्हणजे वळणे, असणे, वागणे. वृत्ती वळू शकते.

स्वभाव लोकांशी वागताना दिसतो, वृत्ती निवड करताना दिसते, पिंड काम करताना दिसतो. तापट स्वभावाच्या माणसाच्या हातून अतिशय शांत चित्रे उतरू शकतात. त्याने रागीट चित्रे काढली तर तो स्वभावाशी जुळला, पिंडाशी फारकत झाली. बंडखोर कलावंतांची गफलत बहुधा इथे होते: स्वभावातला त्वेष हाच आपला पिंड असे ते धरून चालतात.

प्रतिसाद

‘पिंड’बद्दल आक्षेप नोंदवतो. पिंड म्हणजे देह, गोळा; त्यात जन्माने आलेले असा वास आहे. ‘त्याचा पिंडच चाकरीचा’ असे म्हणून माणसांना जागच्या जागी डांबलेले आहे. ‘स्वधर्म’ हा पर्याय तर अजिबात नको, कारण गीतेपासून तो वर्णाशी बांधलेला आहे. जन्माने वाट्याला आलेली जागा नाकारणाऱ्या विद्रोही लेखकाला ‘पिंडाशी प्रामाणिक राहा’ म्हणणे म्हणजे त्याला परत त्याच जागी बसवणे होईल.

प्रतिसाद

‘स्वधर्म’बद्दल पूर्ण सहमत. पिंडाबाबत मात्र एक क्रियापद विसरू नये: पिंड पोसतो. ‘त्यांचा पिंड लोककलेवर पोसला’ हे रूढ मराठी आहे. म्हणजे आपण काय वाचले, ऐकले, सोसले त्यावर तो घडतो. उपेक्षेवर आणि श्रमावर पोसलेला पिंड विद्रोहीच असू शकतो, आणि तेव्हा विद्रोह उसना राहत नाही.

उसन्या बंडाचे उदाहरण चित्रकलेत आहे. कामीय पिसारो हा दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार. १८७४ ते १८८६ या काळात त्या गटाची आठ प्रदर्शने झाली, आठहींत चित्रे मांडणारा तो एकटा. पंचावन्नच्या आसपास असताना त्याने झॉर्झ सरा या तरुण चित्रकाराची, शुद्ध रंगांचे सुटे ठिपके शेजारी शेजारी मांडण्याची पद्धत उचलली. त्या वेळी तेच सर्वांत नवे बंड होते. पण ठिपक्यांचे काम संथ आणि आधी आखलेले. पिसारोचा हात उघड्यावर, बदलत्या उजेडाच्या मागे धावायला सरावलेला. संवेदना आणि कुंचला यांच्यात पद्धत आडवी येऊ लागली. काही वर्षांतच, १८९०च्या सुमारास, त्याने ती सोडली. त्याने माघार घेतली असे कुणी म्हणेल, पण इथे ‘माघार’ हा शब्द चुकीचा आहे. तो पिंडावर परतला.

प्रतिसाद

राहिले ‘प्रामाणिक’. प्रमाण + इक, म्हणजे प्रमाणाला धरून असणारा. ‘सचोटीचा’ हा अर्थ नंतरचा. मग ‘स्वतःशी प्रामाणिक’ म्हणताना प्रमाण कोणते, हे सांगावे लागते. तुकारामांनी ते सांगितले आहे: ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’. ग्वाही म्हणजे साक्षीदार. साक्षीदार आतला, बहुमत बाहेरचे. बहुमतात विरोधकांइतकेच टाळ्या वाजवणारे समर्थकही येतात, आणि बंडखोराला खरा धोका या दुसऱ्यांचा असतो. त्याने प्रत्येक वेळी तसेच बंड करावे, ही त्यांची मागणी असते.

विभक्तीकडेही लक्ष असू द्या. पिंडाशी इमान राखणे, पिंडाशी प्रामाणिक असणे: ‘शी’. पिंडाला जागणे: ‘ला’. मला ‘जागणे’ सरस वाटते. मिठाला जागतो, शब्दाला जागतो, तसाच पिंडाला. ‘प्रामाणिक’मध्ये खोटे न बोलणे एवढेच येते, ‘जागणे’मध्ये ऋणाची सतत जाणीव येते. ‘पिंडाला चिकटून राहणे’ मात्र लिहू नका, त्यात पोसणे थांबते.

मूळ वाक्य मी असे लिहीन: ‘बंड कुणाविरुद्ध हे काळ ठरवतो, कलावंताने आपल्या पिंडाला जागावे.’