समोरचे मागतील तेच वाजवायचं का?

ऑक्टोपॅडवाला
बावीस वर्षं वाद्यवृंदात वाजवतोय. मागच्या शनिवारी अलिबागकडे हळदीला होतो. महिनाभर घासून बसवलेला सात मात्रांच्या रूपक तालातला नवा तुकडा सुरुवातीला वाजवला. माणसं गप्पा मारत बसली. मग ‘मी डोलकर’चा सहा मात्रांचा ठेका धरला आणि हळद माखलेली एक आजी खुर्चीच्या पाठीला धरून उठली. मागोमाग सगळा मांडव उठला. मुखड्याला आम्ही वाद्यं थांबवली, तर गाणं तसंच चालू राहिलं, नुसत्या टाळ्यांवर. शांताबाईंचे शब्द, हृदयनाथांची चाल, आणि गातंय अख्खं गाव! मी फक्त दोन-तीन पॅड वाजवत होतो, पण एवढं समाधान मला कुठल्याच अवघड तुकड्याने दिलेलं नाही. सोप्या गाण्याला नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तिथे उभं राहून बघावं.

बासरी_मिरज
आजींचा आनंद खराच. पण वाजवणाऱ्याच्या हाताचं काय? चार वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवात मारवा राग घेतला होता. दहाव्या मिनिटाला आयोजकांची चिठ्ठी आली, ‘काहीतरी ओळखीचं घ्या.’ घेतलं. टाळ्याही पडल्या. त्यानंतर आजतागायत मारवा मी फक्त घरी वाजवलाय. जे कधी कानावर पडलंच नाही ते लोक मागणार कसे? आपण दरवेळी ओळखीचंच द्यायचं आणि वर म्हणायचं की लोकांना हेच आवडतं. हे मला पटत नाही.

पेटीवाली
दादा, सोपं कुणाला, ऐकणाऱ्याला की वाजवणाऱ्याला? ‘इंद्रायणी काठी’ घ्या. कित्येकांना तो संतांचा अभंग वाटतो. शब्द गदिमांचे, चाल पुलंची, १९५३च्या ‘गुळाचा गणपती’ चित्रपटातली. आणि राग भीमपलास! भीमसेनजींनी गायलेलं हे गाणं ज्याला गुणगुणता येतं, त्याच्या कानात भीमपलास आधीच बसलाय. मी साथीला असते तेव्हा गाण्याआधी दोन मिनिटं त्याचे आलाप वाजवते. कुणी चुळबुळ करत नाही. गाणं येणार हे त्यांना माहीत असतं, म्हणून ते थांबतात.

बासरी_मिरज
ताई, भीमसेनजींनी आधी ख्यालावर, म्हणजे रागदारी गायकीवर, नाव कमावलं, मग त्यांच्या अभंगांच्या ‘संतवाणी’ला गर्दी झाली. आमच्यासारख्याला तो ख्यालच कुणी वाजवू देत नाही. तुमची दोन मिनिटं मात्र मोलाची आहेत. मारव्यासाठी असं ओळखीचं गाणं शोधायला हवं. इतकी वर्षं मी त्या चिठ्ठीचा राग मनात धरून बसलो, हे गाणं शोधलंच नाही.

ऑक्टोपॅडवाला
हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! मी रूपक पहिल्यांदा वाजवला, माणसं नुकती येऊन टेकलेली असताना. पुढच्या हळदीला कोळीगीतानंतर लगेच घेतो, सगळे उभे असतानाच.

बासरी_मिरज
रूपकाची सम, म्हणजे पहिलीच मात्रा, खालीची; तिथे टाळी नसते. सहा मात्रांवर नाचून आलेल्यांना टाळी कुठे द्यायची ते कळणार नाही, बसतील खाली.

ऑक्टोपॅडवाला
चौथ्या आणि सहाव्या मात्रेला मी स्वतः टाळी देईन, माइकपुढे येऊन. पहिली दोन आवर्तनं पॅडला हातच लावणार नाही.